गव्हाचं जहाज आणि आमचा कौल

आमचे हे जहाजावर सारंग आहेत. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. साहेबांनी वरून हुकूम सोडायचे, आणि दोर, साखळ्या, क्रेन, गंज, रंग हे सगळं ज्याच्या हाताखालून जातं तो सारंग. लग्न ठरलं तेव्हा माझ्या कोल्हापूरच्या मावशीने विचारलं होतं, "जहाजावर गाणंबिणं म्हणतो की काय मुलगा?" आता तिला काय सांगणार! आमच्या रत्नागिरीत घराघरात कोणी ना कोणी बोटीवर असतो, नाहीतर आखातात असतो. त्यामुळे नवरा वर्षातला बराच काळ समुद्रावर, याचं आम्हाला कौतुक नाही आणि दुःखही नाही. हे सुट्टीवर आले की पहिले काही दिवस लाड, मग मीच विचारते, "पुढची बोट कधी हो?"

पण एक फेरी अशी झाली की जीव नुसता टांगणीला लागला. आज सगळं नीट पार पडलंय म्हणून हसत सांगतेय. तेव्हा कोणी समोर हसला असता तर त्याच्या डोक्यात पळी घातली असती मी.

ती बोट गव्हाची होती. समुद्रापलीकडच्या एका देशात गहू, डाळ आणि तेलाचे डबे घेऊन चालली होती. देशाचं नाव मी घेत नाही. कंपनीने तेव्हा घरच्यांना बजावलं होतं, फोनवर नाव घेऊ नका, शेजारीपाजारी सांगू नका, आणि ती सवय तोंडात इतकी बसली की अजूनही 'तो देश' असंच येतं. तिथे दोन गट होते. एकाच्या ताब्यात बंदर, दुसऱ्याच्या ताब्यात बंदरामागचे डोंगर आणि रस्ते. दोघेही म्हणणार, आम्हीच सरकार. कधीतरी निवडणूक झाली, एकाला निकाल पटला नाही, आणि तिथून बंदुका निघाल्या. शेतं ओस पडली, बाजार बंद झाले, माणसं झाडपाला उकडून खातायत असं टीव्हीवर दाखवत. मी दुपारचे डबे करते. कॉलेजची मुलं असतात, नोकरीसाठी एकटे राहिलेले असतात. पोळ्या लाटताना समोर टीव्ही चालू असतो. बातमीत हाडं दिसणारं पोर आलं की मी चॅनल बदलायची. खरं तेच सांगते. तव्यावर पोळी फुगलेली असताना ते बघवत नाही.

मोठ्या देशांच्या बैठका चालल्या होत्या. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि चिमुकला झेंडा. सगळ्यांनी चिंता व्यक्त करायची, एकमेकांकडे बघायचं आणि पुढची तारीख घ्यायची. आमच्या आळीतली पाण्याच्या टाकीची मीटिंग अशीच चालते. टाकी सगळ्यांची, म्हणून धुवायची कोणीच नाही.

आणि आमच्या ह्यांची बोट त्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी. दोन्ही गटांचं जमल्याशिवाय आत जायचं नाही. एक म्हणे, माल आधी आम्ही तपासणार. दुसरा म्हणे, त्यांनी हात लावला तर आम्ही तोफ डागू. मेले! खायला आणलेल्या गव्हावर तोफ डागतात! आठवड्यावर आठवडे गेले. ह्यांचा फोन रोज यायचा, बोटीवर आता इंटरनेट असतं. जेवण काय, तब्येत काय, एवढंच बोलायचं. मग एकदा म्हणाले, "रोज सकाळी एक होडकं येतं गं आमच्या बोटीखाली."

"कसलं होडकं?"

"तिथल्या कोळ्यांचं. दोघे असतात. एक म्हातारा आणि एक माझ्या वयाचा. वर बघून रिकामं डबडं दाखवतात."

"मग?"

"मग काय! रात्रीचा भात उरलेला असतो, बादलीत घालून दोराने खाली सोडतो."

"कप्तान काही बोलत नाही?"

"कप्तान त्या वेळी बरोबर पलीकडच्या बाजूला जाऊन चहा पितो."

कप्तान कुठल्यातरी थंड देशाचा गोरा माणूस होता, आणि हे ऐकून मला तो आवडायला लागला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सांगितलं, बादली वर ओढली तर तळाशी एक मासा होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्या लोकांकडे डिझेल नाही, बर्फ नाही, जाळी फाटून गेलेली. गळाला जे लागेल ते. त्यातला एक त्यांनी वर पाठवला. "फुकट घेत नाहीत ते," हे म्हणाले. मी मिरकरवाड्यावर एका बांगड्यासाठी कोळणीशी हुज्जत घालणारी बाई. मी आपलं म्हटलं, "मीठ कमी खा, ब्लडप्रेशर आहे तुम्हाला."

मग एका दुपारी फोन आला, नेहमीच्या वेळेला नाही. आवाजावरूनच मला कळलं. दोन्ही गट कसेबसे तयार झाले होते. एका बोटीला आत येऊ द्यायचं, माल उतरवेपर्यंत कोणी गोळी झाडायची नाही. पण लिहून काही मिळालं तरी त्या मुलखात त्याचा भरवसा कोण देणार? म्हणून कंपनीने प्रत्येकाला विचारलं होतं. ज्याला आत जायचं नसेल त्याने बिनधास्त नाही म्हणावं, त्याला दुसऱ्या बोटीवरून घरी पाठवू, नोकरीला धक्का नाही. दोन दिवसांत सांगा.

"मग उतरा की!" मी म्हटलं. "विचारताय काय? बॅग भरा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, ऐकू येतंय ना?"

"येतंय. पण मी उतरलो तर बोट आत जात नाही गं."

गोष्ट अशी होती की बंदरातल्या क्रेन लढाईत मोडून पडल्या होत्या. माल उतरवायचा तो बोटीच्याच क्रेनने, आणि ते काम सारंगाचं. शिवाय हाताखालचे खलाशी सगळे आमच्याच बाजूचे, कोणी मिरकरवाड्याचा, कोणी दापोलीकडच्या मुरुडचा. ह्यांनीच त्यांना बोटीवर लावलेलं. ते सगळे एकच म्हणत होते, सारंग जिथे तिथे आम्ही. म्हणजे हे उतरले की ती माणसंही उतरणार, माल उतरवायला कोणी उरणार नाही, आणि कप्तान बोट फिरवणार. गहू कुठल्यातरी तिसऱ्याच बंदरात जाणार. दोन गटांचा हा समझोता पुन्हा कधी जमणार, ते देवालाच ठाऊक.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "त्यांनी एकमेकांची डोकी फोडायची आणि तुम्ही गहू घेऊन मधे जायचं? लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुम्हालाच कोणी सांगितलंय? ते झेंडेवाले एवढे बसलेत, त्यांना जाऊ दे की एकेक पोतं पाठीवर घेऊन!" हे ऐकून घेत होते. ते कधीच उलट बोलत नाहीत, आणि त्यानेच माणूस जास्त चिडतो. शेवटी म्हणाले, "अगं, पानं मांडून माणसं बसलीत. भात आपल्या हातात आहे. आता मागच्या दाराने निघून जायचं का?"

गावच्या देवळात समाराधना असली की पंगतीत भात वाढायला हेच असतात, लहानपणापासून. मला माहीत होतं की हा माणूस मनातून ठरवून बसलाय, फक्त माझ्या तोंडून हवंय. आणि मी ते देणार नव्हते. म्हणून मी आमच्याकडची शेवटची पळवाट काढली. म्हटलं, "थांबा. मी गावी जाते, कौल लावते. देव सांगेल ते करू. तोवर हो म्हणू नका आणि नाही म्हणू नका."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न, विहीर, घर, भांडण, काहीही अडलं की ग्रामदेवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एवढं सोपं. ह्यांनीही हे भक्तिभावाने मानलं आणि जाऊन कप्तानाला सांगितलं, माझ्या गावाहून कौल यायचाय, आला की सांगतो. कप्तानाला वाटलं, कौल म्हणजे आमच्याकडचं एखादं सरकारी ऑफिस असणार. त्याने कंपनीला तसंच कळवलं. म्हणजे बघा, तिकडे उपाशी शहर, बाहेर गव्हाने भरलेलं जहाज, सगळे मोठमोठे देश, आणि सगळ्यांचं घोडं अडलंय कुठे, तर आमच्या गावच्या देवळात एका पाकळीवर!

सकाळच्या एस.टी.ने मी आणि माझी लेक गावी गेलो. लेक कॉलेजात आहे, कौलाबिलावर तिचा विश्वास नाही, पण त्या दिवशी तिने वाद घातला नाही. गुरव म्हातारा, आमच्या सासऱ्यांच्या वयाचा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, पाकळ्या भिजवल्या, देवाच्या दोन्ही खांद्यांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, आज ही तुझी लेक तुझ्या पायाशी आली हाय. तिचा घो परमुलखात बोटीवर हाय. त्याने त्या बंदरात जावं तर उजवा दे, जाऊ नये तर डावा दे."

आम्ही बसलो. पाकळ्या काही हलेनात. मी डावीकडे डोळे लावून बसले होते, आईशप्पत, एवढं कळवळून मी देवाकडे कधी बघितलं नाही. एक पाल येऊन गेली, तिच्याने पण काही झालं नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा काही नाही. पाकळ्या सुकायला लागल्या तरी चिकटलेल्या. लेक माझ्या कानाला लागली, "आई, फुंकर मारू का? कुठल्या बाजूची ते तू सांग." मी तिला चिमटा काढला. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं होतं.

दुपार कलली तेव्हा गुरव उठला. म्हणाला, "देव बोलत नाय गो."

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय. तुझ्यावर सोडलान."

मला असा संताप आला! दरवर्षी नारळ घेतोस, कोंबडा घेतोस, पालखीत बसून घरोघर फिरतोस, आणि विचारलं तेव्हा गप्प! गुरवासमोरच मी देवाला हे सगळं सुनावलं. गुरवाने कान धरले, देवाने नाही.

गावात रेंज नाही. फोन करायचा तर वर सड्यावर जावं लागतं. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान, वर झाड नाही की सावली नाही. चढून गेलो तर मला धाप लागलेली. डावा कौल झाला असं सांगून टाकावं, एका शब्दात माणूस घरी, असं चढताना दहादा मनाशी घोकलं होतं. पण ह्यांचा आवाज आला आणि मी खरं तेच बोलले. "पडली नाही हो पाकळी. देव म्हणतो, तुम्ही बघा."

हे म्हणाले, "मग तूच सांग."

"मीच का?" मी त्या उघड्या सड्यावर ओरडले. "ते झेंडेवाले कंपनीवर ढकलतात, कंपनी कप्तानावर, कप्तान तुमच्यावर, तुम्ही देवावर आणि देव माझ्यावर! मी कोण लागून गेले? डबे करणारी बाई आहे मी!"

रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यात एक गोष्ट मला लख्ख कळली. माझ्या खाली ढकलायला कोणी उरलं नव्हतं. लेक होती, पण तिच्यावर ढकलणार नव्हते. आता मीही नाही म्हटलं की संपलं. सगळ्यांनी नाही म्हणायचं आणि कोणाचंच काही चुकलं नाही, असं होणार. मी विचारलं, "आज आलं होतं का ते होडकं?"

"नाही. परवापासून नाही आलं."

मला काळजीच लागली. ज्यांना मी कधी बघितलं नाही, ज्यांची भाषा मला येत नाही, त्या दोघांसाठी.

"मग जा," मी म्हटलं. "जा आणि बघून या, काय झालं त्यांचं. आणि अंगावर एक ओरखडा घेऊन आलात तर घरात घेणार नाही."

त्यानंतर फोन बंद. आत असेपर्यंत कोणी फोन लावायचा नाही असा नियमच होता. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आमटीत मीठ दोनदा पडलं, पोळ्या करपल्या, पण डबा घेणाऱ्या एकानेही तक्रार केली नाही. आई काळजीत आहे, एवढंच लेकीने सगळ्यांना परस्पर सांगून ठेवलं होतं हे मला मागाहून कळलं. मिरकरवाड्यावर गेले तर ह्यांच्या बोटीवरच्या एका खलाशाची बायको समोर आली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बोललो असतो तर दोघींचा बांध फुटला असता. मी हो म्हटलं म्हणून तिचाही नवरा आत गेला होता, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. टीव्ही मी बंदच ठेवला.

आणि एके सकाळी, मी कणीक मळत होते, फोन वाजला. हात पिठाचे. लेकीने उचलून माझ्या कानाला लावला.

"बाहेर आलो," हे म्हणाले. "सगळे धड आहेत. सगळा माल उतरला."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला समजलं. मी ओट्याला टेकून तिथेच लादीवर बसले. लेक पिठाच्या हातासकट मला मिठी मारून बसली. मग मी तशीच उठले, पिठाच्या हातांनी रिक्षात बसले आणि मिरकरवाड्याला गेले. त्या बाईलाही फोन आला होता. या वेळी आम्ही दोघींनी मासळीच्या लिलावाच्या गर्दीत गळ्यात गळा घालून भोकाड पसरलं. कोळणी म्हणाल्या, काय झालं गो बायांनो, कोण गेलं? आम्ही म्हटलं, कोणी नाही गेलं, कोणी नाही!

हे स्टेशनवर उतरले तेव्हा वजन उतरलेलं, रंग काळवंडलेला, पण ओरखडा नाही. मी बारकाईने तपासलं. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात केला होता. दोन वेळा भात घेऊन झाला, मग बोलायला लागले. आत शिरताना डोंगरावर धूर होता, पण आवाज नव्हता. धक्क्यावर हमाल म्हणून जी माणसं उभी होती त्यांच्यात कोणी शिक्षक, कोणी शिंपी. क्रेनमधून पोती उतरली की एखादं फाटायचं, गहू सांडायचा. तो कोणी तुडवत नसे. झाडूही नाही, हातांनी गोळा करत, सिमेंटच्या फटीतून काडीने दाणे काढत. आणि दुसऱ्या दिवशी त्या गर्दीतून एक माणूस हात वर करून ह्यांना हाका मारायला लागला. होडकंवालाच तो! होडकं एका गटाने काढून घेतलं होतं, म्हणून येत नव्हते. म्हातारा घरी होता, आजारी पण जिवंत. ह्यांना त्याने मिठी मारली, ह्यांनी त्याला, भाषा कोणाला यायची गरजच पडली नाही.

"बघून आलो बघ," हे म्हणाले आणि ताक मागितलं.

तेव्हा मी मनातल्या मनात त्या झेंडेवाल्यांनाही थोडी सूट दिली. खोटं कशाला बोला, गहू त्यांच्याच पैशाचा होता, आणि बैठका घेऊन घेऊन का होईना, दोन्ही गटांना त्यांनीच एकदाचं गप्प बसवलं होतं. माझं म्हणणं एवढंच की तेच काम आधी केलं असतं तर तो म्हातारा इतका खंगला नसता.

हे येऊन बरेच दिवस झाले असतील. डब्यांची धावपळ आटोपून मी आणि लेक भांडी पुसत होतो. टीव्हीवर तेच बंदर दाखवलं. आमच्या बोटीनंतर दुसरी गेली, तिसरी गेली, आता जहाजांची रांग लागते. बाजारात पीठ आलं होतं, एक बाई भाकरी थापताना दिसली. छातीवरचं ओझं उतरावं तसं वाटलं मला. मग सुटाबुटातले एक गृहस्थ आले, त्यांच्या मागे झेंडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत पट्टी आली की आंतरराष्ट्रीय समुदायाने आपली जबाबदारी पार पाडली.

"आई," लेक म्हणाली, "हा आंतरराष्ट्रीय समुदाय म्हणजे नक्की कोण गं?"

मी हनुवटीने पुढच्या खोलीकडे दाखवलं. आंतरराष्ट्रीय समुदाय बनियन आणि लुंगीवर खाटेवर आडवा पडला होता, तोंड उघडं टाकून, आणि असा घोरत होता की खिडकीची तावदानं थरथरावीत.

लेक फिसकन हसली. मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी कधी यायला लागलं ते कळलंच नाही. आमच्या आवाजाने हे दचकून उठले. "काय गं? काय झालं?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."